आपली पेठ आणि इंग्रजांचा ‘पेटा’

इंग्रजी भाषेने आपल्याकडून शब्द उचलले, ही गोष्ट आता कुणाला नव्याने सांगावयास नको. ‘लूट’, ‘बंगला’, ‘मुंगूस’ हे शब्द थोडेसे रूप बदलून इंग्रजी कोशांत ठाण मांडून बसले आहेत. परंतु उचललेला प्रत्येक शब्द तिकडे रुळतोच असे नाही. काही शब्दांना थोडा काळ राबवून घेतले जाते आणि काम संपले की ते अडगळीत पडतात. अशाच एका शब्दाची हकिकत येथे सांगावयाची आहे. तिच्याशी आपल्या नगर शहराचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, अगदी निकटचा संबंध आहे.

हा शब्द म्हणजे ‘पेटा’. इंग्रजीत तो दोन ‘टी’ घालून आणि अखेरीस एक मुका ‘एच’ जोडून लिहितात. आज सामान्य इंग्रज वाचकाला तो अडेल. पण मोठ्या कोशांत तो सापडतो. यूल आणि बर्नेल यांनी हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचा जो प्रसिद्ध कोश १८८६ साली सिद्ध केला, त्या ‘हॉब्सन-जॉब्सन’मध्येही त्याला जागा मिळाली आहे. अर्थ असा दिला आहे की, किल्ल्याला लागून, त्याच्या तटाबाहेर असलेली वस्ती म्हणजे पेटा. या वस्तीला पुष्कळदा स्वतःचा वेगळा कोट असतो, हेही तेथे सांगितले आहे आणि शेजारी आपल्या मराठी ‘पेठे’चाही उल्लेख आहे.

इंग्रजांना हा शब्द मिळाला तो मात्र मद्रासकडे. तमिळमध्ये ‘पेट्टै’, कन्नडमध्ये ‘पेटे’, तेलुगूत ‘पेट’ आणि मराठीत ‘पेठ’, असा हा शेजारी नांदणारा गोतावळा आहे. चेन्नईतील सैदापेट, रायपेट्टा, बंगळूरचे चिकपेट ही नावे ऐकली की पुण्याच्या माणसाला परके वाटत नाही, ते यामुळेच. अठराव्या शतकात कंपनीच्या फौजा कर्नाटकच्या युद्धांत उतरल्या आणि वाटेतल्या किल्ल्यांबरोबर हा शब्दही त्यांच्या हाती आला. रॉबर्ट ऑर्म याने १७६३ साली आपल्या इतिहासात त्याचा अर्थ वाचकांना मुद्दाम समजावून दिला. पुढे १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसने ७ मार्चला बंगळूरचा पेटा आणि २१ मार्चला किल्ला घेतला, तोपर्यंत तो लष्करी कागदपत्रांत पक्का झाला होता.

येथेच अर्थ कसा पालटला, हे पाहण्यासारखे आहे. आपल्याकडे पेठ ‘वसवतात’. पेठ वसवावयाची म्हणजे व्यापाऱ्यांना, कारागिरांना कौल द्यावयाचा, काही वर्षे करांत सूट द्यावयाची, शेटे-महाजन नेमावयाचे. पुण्याच्या सदाशिव, नारायण, रविवार, बुधवार अशा पेठा डोळ्यांसमोर आणल्या म्हणजे दुकाने, वाडे आणि माणसांची वर्दळ आठवते. किल्ला जवळ असो वा नसो, पेठेचे काही अडत नाही. इंग्रज सेनापतीच्या मनात मात्र पहिले स्थान किल्ल्याचे. किल्ल्याच्या वाटेतला पहिला अडथळा, तो पेटा! राहणाऱ्याच्या दृष्टीने जे पोटापाण्याचे ठिकाण, ते चाल करून येणाऱ्याच्या दृष्टीने शिडी लावण्याची भिंत झाले.

ही भिंत पुढे आपल्या नगरचीच निघाली. १८०३ च्या ऑगस्टमध्ये नगर दौलतराव शिंद्यांच्या ताब्यात होते. ८ ऑगस्ट रोजी आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, वाळकीच्या तळावरून नगरवर चालून आला आणि त्याच दिवशी त्याने शिड्या लावून ‘पेटा’ घेतला. भिंत उंच, बुरुज मजबूत; पण भिंतीच्या आतल्या अंगाला उभे राहण्यापुरताही धक्का नव्हता. त्यामुळे शिडी चढून गेलेल्या शिपायाला पाय ठेवावयास जागा मिळेना. आत अरब आणि शिंद्यांचे कवायती पायदळ होते. त्यांनी निकराने झुंज दिली. १० तारखेला किल्ल्यावर तोफा सुरू झाल्या आणि १२ तारखेला तो इंग्रजांच्या स्वाधीन झाला.

आता प्रश्न असा की, त्या दिवशी पडला तो ‘पेटा’ म्हणजे नेमके काय? इतिहासाचा विद्यार्थी इंग्रजी साधनांतून टिपण काढताना सहज ‘वेलस्लीने नगरची पेठ घेतली’ असे लिहून मोकळा होतो. ते वाचणाऱ्या मराठी माणसाला वाटते की शहरातला एखादा मोहल्ला पडला असेल. वास्तविक पडले ते कोटाच्या आतले सबंध नगर शहर! माळीवाडा, नालेगाव, तोफखाना, कापडबाजार ही नगरची जुनी नावे पाहा. यांत कुठे ‘पेठ’ नाही. मलिक अहमदने १४९४ च्या सुमारास वसवलेली निजामशाहीची राजधानी इंग्रजी खलित्यात केवळ किल्ल्यापुढची वस्ती ठरली. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास वाचतानाही हे भान ठेवले पाहिजे. अक्षर तेच, पण अर्थ तो नव्हे. अशा जागी ‘तटबंदीचे शहर’ असे लिहिणे अधिक बरे.

पुढे किल्ल्यांच्या लढाया संपल्या आणि इंग्रजीतला ‘पेटा’ही ओसरला. तो जिवंत राहिला तो मुख्यतः विशेषनाम म्हणून. कोलंबो शहरात ‘पेटा’ नावाचा भाग आजही गजबजलेला आहे. सिंहली भाषेत त्याला ‘पिटकोटुव’, म्हणजे किल्ल्याबाहेरचा भाग, म्हणतात. मौज अशी की, तेथील किल्ल्याची तटबंदी एकोणिसाव्या शतकातच पाडली गेली, आणि पेट्यात मात्र दुकानांची रांग अखंड चालू आहे. लष्कराने घडवलेला अर्थ गळाला आणि बाजाराचा मूळ अर्थ वर आला.

इकडे मराठीत त्याच शब्दाचा संसार वाढतच गेला. ‘बाजारपेठ’ हा शब्द आज कांद्याच्या भावापासून आंतरराष्ट्रीय व्यापारापर्यंत सर्वत्र चालतो. ज्या पेठेला ना गल्ली ना वेस, अशा पेठेलाही आपण पेठच म्हणतो. ज्यांनी शब्द उसना नेला त्यांच्याकडे तो कोशात विसावला. ज्यांचा होता त्यांच्याकडे तो रोज राबतो आहे. शब्दाचा अर्थ पाहताना कोश उघडावाच. पण तो शब्द बोलणारा माणूस तटाच्या आत उभा आहे की बाहेर, हेही विचारावे. दिल्ली दरवाजातून किंवा माळीवाड्याच्या वेशीतून जाता-येता एवढे ध्यानात राहिले, तरी पुरे.