अवटू ग्रंथीचे विकार, कुत्रा व मांजर यांतील

स्वरयंत्राच्या किंचित खाली, श्वासनालाच्या दोन्ही बाजूंस असलेल्या अवटू ग्रंथीचा स्राव कमी वा जास्त झाल्यामुळे अथवा तिच्यात अर्बुद (पेशींच्या अनियंत्रित वाढीमुळे झालेली गाठ) निर्माण झाल्यामुळे उद्भवणारे विकार. माणसात या ग्रंथीचे दोन खंड मध्ये अरुंद पट्ट्याने जोडलेले असतात. प्रौढ कुत्र्यात व मांजरात हा पट्टा बहुधा नसतो व दोन्ही खंड सुटे राहतात. निरोगी मांजराचे खंड बोटांना सहसा जाणवत नाहीत. त्यामुळे त्याच्या गळ्याशी हाताला लागणारी लहानशी गाठही दुर्लक्ष करण्याजोगी नसते.

आयोडिनापासून ही ग्रंथी थायरॉक्सिन (टी-४) व ट्रायआयोडोथायरोनीन (टी-३) ही हॉर्मोने बनवते. टी-४ पैकी काहीचे ऊतकांत (समान रचना व कार्य असलेल्या पेशीसमूहांत) टी-३ मध्ये रूपांतर होते व प्रत्यक्ष कार्य मुख्यत्वे टी-३ कडूनच घडते. चयापचयाचा (शरीरात सतत होणाऱ्या रासायनिक घडामोडींचा) वेग, हृदयाची गती व केसांची वाढ यांवर या हॉर्मोनांचे नियंत्रण असते. मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी अवटु-उद्दीपक हॉर्मोनाद्वारे हा स्राव कमीजास्त करते.

आयोडीन न्यूनतेमुळे होणारा गलगंड हा एके काळी कुत्र्यांतील प्रमुख अवटु-विकार होता. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे विसाव्या शतकाच्या आरंभी डेव्हिड मरीन यांचे लक्ष तेथील कुत्र्यांच्या सुजलेल्या गळ्यांकडे गेले. तेथून सुरू झालेल्या संशोधनातूनच १९१७ मध्ये ॲक्रन येथील शाळकरी मुलींना आयोडीन देण्याचा प्रयोग हाती घेण्यात आला. माणसाच्या मिठात आयोडीन आले त्यात कुत्र्यांचाही वाटा आहे तो असा. समतोल खाद्यामुळे पाळीव प्राण्यांतील हा गलगंड आता विरळा झाला आहे. आज आढळणारे विकार या दोन प्राण्यांत परस्परविरुद्ध आहेत : कुत्र्यात प्रामुख्याने अवटु-न्यूनता, तर मांजरात अवटु-आधिक्य.

कुत्र्यातील अवटु-न्यूनता : बहुतेक रुग्णांत दोष खुद्द ग्रंथीतच असतो. सुमारे निम्म्या कुत्र्यांत शरीराची प्रतिकारयंत्रणाच ग्रंथीचा नाश करते. उरलेल्यांत ग्रंथी झिजून तिच्या जागी चरबी येते. सुमारे तीनचतुर्थांश ग्रंथी निकामी होईपर्यंत बाह्य लक्षणे दिसत नाहीत, म्हणून रोग मध्यम वयात उघड होतो. गोल्डन रिट्रीव्हर व डॉबरमन या जातींत तो अधिक आढळतो. कुत्रा सुस्त होतो, थंडी सहन करीत नाही, आहार न वाढता वजन वाढते. अंगाच्या दोन्ही बाजूंचे केस सारखेच गळतात. खाज मात्र सहसा नसते. शेपटी उंदराच्या शेपटीसारखी उघडी पडते, त्वचा जाड व काळसर होते. चेहऱ्याची त्वचा सुजून लोंबू लागल्याने मुद्रा दुःखी दिसते. रक्तातील कोलेस्टेरॉल पुष्कळदा वाढलेले असते.

निदानात मोठी अडचण अशी की, टी-४ कमी आढळणे म्हणजे अवटु-न्यूनता नव्हे. वृक्काचे (मूत्रपिंडाचे) वा हृदयाचे आजार, मधुमेह, तीव्र संसर्ग तसेच स्टेरॉइडे व अपस्मारावरील फिनोबार्बिटल यांमुळे ग्रंथी निरोगी असूनही टी-४ उतरते. ग्रेहाउंड, सालुकी यांसारख्या नजरेने शिकार धरणाऱ्या जातींत तर ते मुळातच कमी असते. दख्खनमधील कारवान व मुधोळ कुत्रे याच धाटणीचे असल्यामुळे इतर जातींसाठी ठरविलेली मर्यादा त्यांना सरसकट लावणे योग्य नाही. लठ्ठ दिसला की अवटु-न्यूनता हा समजही चुकीचा असून बहुतेक लठ्ठपणा अतिआहाराने व व्यायामाच्या अभावाने येतो. अशा कुत्र्याला थायरॉक्सिन सुरू केल्यास मूळ रोग तसाच वाढत राहतो व आधीच दुबळ्या हृदयावर ताण पडतो. यासाठी लक्षणे, मुक्त टी-४ व अवटु-उद्दीपक हॉर्मोन यांचा एकत्रित विचार करावा लागतो. हे उद्दीपक हॉर्मोन वाढलेले असणे अपेक्षित असते, तथापि सुमारे एकचतुर्थांश रुग्णांत ते प्राकृतच (सामान्यच) आढळते.

कृत्रिम थायरॉक्सिन दर किग्रॅ. वजनास सुमारे ०·०२ मिग्रॅ. या प्रमाणात दिवसातून एकदा वा दोनदा आयुष्यभर देतात. माणसाच्या मात्रेशी परिचित असलेल्या औषधविक्रेत्यास ही चिठ्ठी चुकीची वाटण्याचा संभव असतो. परंतु कुत्र्याच्या आतड्यातून हे औषध कमी शोषले जाते व माणसाच्या रक्तात त्याचे प्रमाण निम्मे होण्यास सुमारे आठवडा लागतो, तर कुत्र्यात जेमतेम १० ते १६ तास. एकदोन आठवड्यांत तरतरी येते. केस येण्यास काही महिने लागतात.

कुत्र्यात गळ्याशी हाताला लागणारे अवटू ग्रंथीचे अर्बुद बहुधा मारक असते व फुप्फुसांत पसरते. ते हलते असतानाच काढल्यास आयुष्य पुष्कळ वाढते. अवटु-आधिक्य कुत्र्यात क्वचितच होते. जनावराच्या गळ्याचे कच्चे मांस नेहमी खाऊ घातल्यास त्यातील ग्रंथीच्या अंशामुळेही ते उद्भवते, अशा वेळी आहार बदलणे पुरेसे असते.

मांजरातील अवटु-आधिक्य : हा विकार रोगलक्षणांसह प्रथम १९७९ मध्ये न्यूयॉर्क येथून नोंदविला गेला. त्यानंतर तो अनेक देशांत वृद्ध मांजरांचा सर्वांत नेहमीचा अंतःस्रावी विकार ठरला. कारण निश्चित झालेले नाही. डबाबंद खाद्य, त्यातील आयोडिनाचे बदलते प्रमाण, सोयाबीन व गृहसामानातील ज्वालारोधक रसायने यांवर संशय आहे. दहा वर्षांखालील मांजरांत तो विरळा असून सयामी जातीत कमी आढळतो. गाठी बहुधा सौम्य व दोन्ही खंडांत असतात.

मांजर भरपूर खाते तरी रोडावते, पाणी जास्त पिते, अस्वस्थ होऊन रात्री ओरडते. वांत्या होतात, नाडी जलद चालते व रक्तदाब वाढतो. म्हातारपणी मांजराची भूक वाढली म्हणून समाधान मानणाऱ्या घरांत रोग त्यामुळेच उशिरा लक्षात येतो. टी-४ वाढलेले असल्यास निदान सहसा पक्के होते.

मेथिमॅझोल अथवा शरीरात त्यात रूपांतर होणारे कार्बिमॅझोल स्राव रोखते, परंतु गाठ नाहीशी करीत नाही. ओकारी, चेहऱ्याला तीव्र खाज व श्वेत कोशिका घटणे हे त्यांचे दुष्परिणाम होत. किरणोत्सर्गी आयोडिनाच्या एकाच अंतःक्षेपणाने (इंजेक्शनाने) बहुसंख्य मांजरे कायमची बरी होतात. मात्र त्यासाठी खास परवाना असलेले रुग्णालय व काही दिवस विलगीकरण आवश्यक असते. शस्त्रक्रियेत लगतच्या परावटू ग्रंथींना इजा झाल्यास रक्तातील कॅल्शियम घटून झटके येतात. अल्प आयोडीनयुक्त खाद्य केवळ तेच खाणाऱ्या मांजरासच उपयोगी पडते.

उपचारात वृक्कांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. अवटु-आधिक्यात वृक्कांतून रक्त अधिक वेगाने वाहते. त्यामुळे त्यांचा जुना आजार झाकला जातो आणि स्राव प्राकृत पातळीवर येताच तो उघड होतो. पुष्कळ मालक याचा दोष औषधाला देतात व ते बंद करतात. वस्तुतः त्याने हृदय व रक्तवाहिन्यांची हानी पुन्हा सुरू होते. उलटपक्षी मात्रा जास्त होऊन अवटु-न्यूनता आल्यास वृक्कांचे कार्य अधिकच मंदावते. म्हणून आरंभी दर दोनतीन आठवड्यांनी टी-४ व क्रिआटिनीन या दोहोंची तपासणी करून मात्रा ठरवितात.