पेज, परिचर्या आणि परिषदा

परिचर्या, पोषण आणि सार्वजनिक आरोग्य हे तीन विषय एकाच जुंवाखालीं जुंपून हल्लीं दरवर्षीं देशोदेशीं विद्वानांच्या परिषदा भरतात. त्यांचीं निमंत्रणें रत्नागिरीसारख्या आडबाजूच्या गांवींही येऊन पोंचतात. कारण येथेंही आतां परिचर्येचें शास्त्र शिकणाऱ्या मुली आहेत. असा एक कागद मध्यंतरीं माझ्या पाहण्यांत आला. त्यांतील विषयांची लांबलचक यादी वाचतांना मनांत आलें कीं, विद्यापीठांत हे तिघे तीन निरनिराळ्या इमारतींत राहत असतील, पण आमच्या घरांत ते एकाच चुलीपाशीं नांदत आले आहेत. घरांत कोणी तापानें पडलें म्हणजे त्याचें अंथरूण-पांघरूण पाहणारी, त्याच्यासाठीं पेज शिजविणारी आणि त्याचें भांडें निराळें ठेवून पाणी उकळून घेणारी बाई बहुधा एकच असते. तेव्हां या परिषदांत काय चालतें तें घरच्या मंडळींनीं समजून घेण्यासारखें आहे, आणि आमच्या घरांत काय चालतें तें परिषदांनींही.

आरंभीं या परिषदांचा स्वयंपाकघराशीं कांहीं संबंध नव्हता. आरोग्यविषयक पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १८५१ सालीं पॅरिस येथें भरली, ती जहाजें किती दिवस बंदराबाहेर अडकवून ठेवावीं याचा खल करण्यासाठीं. रोगाची भीति खरी, पण व्यापाराच्या खोळंब्याची भीति त्याहून मोठी होती. मुंबईंत १८९६ सालीं प्लेग आला, तेव्हांही पुढच्याच वर्षीं व्हेनिसला परिषद बोलावण्यांत आली. तेथें जमलेल्या मुत्सद्द्यांना गिरणगांवच्या चाळींतला आमचा रत्नागिरीचा चाकरमानी कसा जगतो यापेक्षां मुंबईहून निघालेली बोट युरोपास कशी पोंचते याची काळजी अधिक होती.

याला एक अपवाद मात्र कृतज्ञतेनें सांगितला पाहिजे. आधुनिक परिचर्येच्या आद्य आचार्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल या हिंदुस्थानांत कधींच आल्या नाहींत. पण येथील खेड्यांच्या पाण्याची आणि उकिरड्यांची चिंता त्यांनीं लंडनमध्यें अंथरुणावर पडल्यापडल्या अनेक वर्षें वाहिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीं त्यांचा पत्रव्यवहार होता, आणि १८९१ सालीं लंडन येथें आरोग्यशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद भरावयाची होती, तेव्हां तींत हिंदी लोकांनीं स्वतः येऊन आपली स्थिति मांडावी यासाठीं त्यांनीं खटपट केली. ज्यांच्याविषयीं बोलावयाचें ते लोक सभेंत असावेत, हें त्या बाईंना त्या काळीं सुचलें.

आतां मुख्य गोष्टीकडे येतों. अशा परिषदांनीं आजवर जीं कामें केलीं, त्यांपैकीं एका मोठ्या कामाचा संबंध थेट आमच्या कोंकणच्या भाताच्या तपेल्याशीं आहे, आणि आमच्याकडे तो फारसा कोणास ठाऊक नाहीं.

गेल्याच्या मागच्या शतकाच्या अखेरीस पूर्वेकडील देशांत बेरीबेरी नांवाच्या रोगानें थैमान घातलें होतें. पाय जड होतात, सुजतात, लुळे पडतात आणि शेवटीं हृदय थांबतें. जावा बेटांतील बटाव्हिया येथें क्रिस्तियान आइकमन हे डच वैद्य या रोगाचे जंतु शोधीत बसले होते. जंतु सांपडेनात, पण त्यांच्या प्रयोगशाळेंतील कोंबड्या मात्र तशाच रोगानें लटपटूं लागल्या, आणि कांहीं महिन्यांनीं आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशीअंतीं असें दिसलें कीं, मधल्या काळांत त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरांतला उरलेला पांढरा भात घातला जात होता. पुढें नवा आचारी आला. लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना कशाला, म्हणून त्यानें तो बंद केला. कोंबड्या पुन्हा कोंड्याचा तांदूळ खाऊं लागल्या आणि उभ्या राहिल्या! एका आचाऱ्याच्या चिकटपणानें वैद्यकशास्त्राचा एवढा उपकार क्वचितच झाला असेल. त्यानंतर व्होर्डरमन या दुसऱ्या डच वैद्यानें जावांतील १०१ तुरुंग तपासले. जेथें कैद्यांना सडलेला पांढरा तांदूळ मिळे तेथें बेरीबेरी फार. जेथें कोंड्यासकट मिळे तेथें जवळजवळ नाहींच. (सडलेला म्हणजे मुसळानें सडून पांढरा केलेला, कुजलेला नव्हे. शहरांतील तरुण वाचकांसाठीं एवढा खुलासा हल्लीं करावा लागतो.)

मलायांत ब्रॅडन या इंग्रज डॉक्टरास आणखी एक चमत्कार दिसला. कथिलाच्या खाणींतले चिनी मजूर या रोगानें मरत, पण त्याच मुलखांतल्या तामीळ मजुरांना तो होत नसे. चिनी लोक पांढरा तांदूळ खात, आणि तामीळ लोक आपल्या रीतीप्रमाणें उकडा. फ्रेझर व स्टँटन या दोघांनीं पुढें रस्त्यावर काम करणाऱ्या जावानी मजुरांच्या दोन तुकड्या करून एकीस पांढरा व दुसरीस उकडा तांदूळ दिला. पांढरा खाणाऱ्यांतच रोग दिसला. तांदळांची अदलाबदल केल्यावर रोगाचीही अदलाबदल झाली. १९१० सालीं मनिला येथें अतिपूर्वेकडील उष्णकटिबंधीय वैद्यकाची परिषद भरली, तेव्हां सतत पांढरा तांदूळ खाण्याचा आणि बेरीबेरीचा संबंध आहे असा तेथें ठराव झाला. दोन वर्षांनीं कासिमिर फुंक यांनीं अशा अज्ञात द्रव्यांना 'व्हिटॅमिन' हें नांव दिलें, आणि १९२९ सालीं आइकमन यांस नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच परिषदेचें सातवें अधिवेशन १९२७ च्या डिसेंबरांत कलकत्त्यास भरलें होतें.

आतां आमचें कोंकण पाहा. भात रात्रभर भिजत घालावें, सकाळीं मोठ्या भांड्यांत उकडावें, तूस उललें कीं उतरावें, खळ्यांत उन्हांत वाळवावें आणि मग कांडावें. ही रीत येथें कोणी केव्हां सुरू केली हें कोणास सांगतां येणार नाहीं. तूस अंगावर असतांनाच दाणा उकडल्यामुळें कोंड्यांतील व अंकुरांतील जीवनसत्त्व पाण्याबरोबर दाण्याच्या पोटांत शिरतें, आणि मग वरचा कोंडा सडून काढला तरी तें बरेंचसें आंतच राहतें. शिवाय दाणा टणक होतो, म्हणून कण्या कमी पडतात. निलगिरींतील कुन्नूर येथील प्रयोगशाळेंत मॅक्कॅरिसन आणि त्यांच्यामागून एक्रॉइड यांनीं आपल्याकडील धान्यांचा कसून अभ्यास केला. पुढें १९५८ सालीं ती संस्था हैदराबादेस गेली. तिच्या कोष्टकांत १०० ग्रॅम गिरणीच्या पांढऱ्या तांदळांत थायामिन ०.०६ मिलिग्रॅम दिलें आहे. उकडा तांदूळ गिरणींत सडला तरी ०.२१. म्हणजे साडेतीन पट. हिंदुस्थानांत बेरीबेरीनें मुख्यतः आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर ठाण मांडलें होतें, जेथें गिरणीचा कच्चा पांढरा तांदूळ खात; उकडा खाणारे प्रांत बचावले. त्यांतच आमची माणसें भाताचें पाणी फेंकून देत नाहींत. तेंच पेज म्हणून पितात, म्हणून पाण्यांत उतरलेलें सत्त्वही पोटांतच जातें.

हें वाचून कोणी छाती फुगवूं नये. आमच्या पूर्वजांना सर्व ठाऊक होतें, असें म्हणणारे गृहस्थ मला अलीकडे वारंवार भेटतात. त्यांना माझा प्रश्न असा कीं, ठाऊक होतें तर गिरणी आल्याबरोबर आपण तें सोडलें कसें? रीत होती, कारण ठाऊक नव्हतें. म्हणून पांढऱ्या शुभ्र दाण्याचा मोह पडतांच रीत गेली. आणि आमच्याच वर्गाविषयीं बोलावयाचें तर आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. दोनदां शिजलेलें म्हणून उकड्या तांदळाचा भात पुष्कळ ब्राह्मण घरांत नैवेद्यास चालत नसे. देवाला व घरच्या कर्त्या मंडळींना सुरय तांदळाचा पांढरा भात, आणि गड्याला न्याहारीस उकड्याची पेज व वर लोणच्याची फोड. पंक्तींत जो खालीं बसला त्याच्या पानांत जीवनसत्त्व अधिक होतें! नाचणीचेंही तेंच. १०० ग्रॅम नाचणींत चुना म्हणजे कॅल्शियम ३४४ मिलिग्रॅम, आणि पांढऱ्या तांदळांत अवघें १०. पण नाचणीची भाकरी पाहुण्यापुढें ठेवणें आम्हांस लाजिरवाणें वाटे.

परिचर्येची कथा याहून निराळी नाहीं. चरकाचार्यांनीं चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या ठिकाणीं उपचाराचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं अनुराग आणि शुचिता हे चार गुण हवेत असें त्यांचें म्हणणें. पथ्यान्नांत पेया व विलेपी यांचे क्रम त्यांनीं बारकाईनें लावून दिले आहेत, आणि आमची 'पेज' ही त्या 'पेया'चीच प्राकृतांतून आलेली लेक. शास्त्र असें असतां व्यवहारांत मात्र परक्या रोग्याला शिवणें, त्याचें मलमूत्र काढणें हें हलकें काम ठरलें. १८९७ च्या मार्चांत पुण्यास प्लेगच्या रोग्यांची सेवा करतां करतां सावित्रीबाई फुले यांनीं देह ठेवला. तेव्हां आमच्यापैकीं किती जणांनीं त्यांची आठवण ठेवली? रमाबाई रानडे यांनीं पुण्याच्या सेवासदनामार्फत विधवांना व निराधार स्त्रियांना ससून रुग्णालयांत परिचारिकेचें शिक्षण देवविलें, तेव्हां पांढरपेशा समाजांत नाकें मुरडलीं गेलींच. आज त्याच घरांतील नाती परदेशांत परिचारिका म्हणून जातात, आणि आजोबा तें अभिमानानें सांगतात.

येथें एक प्रश्न आहे, आणि तो मला या सर्व इतिहासापेक्षां महत्त्वाचा वाटतो. घरांत सर्वांची परिचर्या करणारी जी बाई, तिच्या पानांत काय पडतें? एकत्र कुटुंबांत आधीं मुलें, मग पुरुष, मग वडीलधाऱ्या बायका आणि सर्वांच्या मागून सून, हा क्रम आपणां सर्वांच्या डोळ्यांपुढचा आहे. दूध-दहीं तोंवर संपलेलें असतें. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तांत लोहाच्या रंगद्रव्याची उणीव आढळली, आणि आधींच्या पाहणीपेक्षां हें प्रमाण वाढलेलें होतें. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास चालविला. तेथें जन्मणारीं मुलें सरासरीनें पावणेतीन किलोच्या आंतबाहेर, दिसावयास रोड. पण इंग्लंडांतील मुलांशीं ताडून पाहतां त्यांच्या अंगांत त्या मानानें चरबी अधिक. मातांपैकीं बहुतेकींत ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव. हें जीवनसत्त्व कोणत्याही भाजींत वा डाळींत नाहीं. तें मांसमासळींत, अंड्यांत आणि दुधादह्यांत असतें. शाकाहारी घरांतील सुनेला तें मिळण्याचा मार्ग म्हणजे दूध, दहीं, ताक, नाहीं तर वैद्याच्या सल्ल्यानें गोळी. ती सर्वांच्या मागून जेवली आणि दह्याची वाटी तेव्हां पुसून ठेवलेली असली, तर त्याची झळ पोटांतल्या मुलाला लागते, आणि पुढें मधुमेहाच्या रूपानें त्याच्या चाळिशींत पोंचण्याचा संभव असतो. शाकाहाराचा मी स्वतः अभिमानी आहें. म्हणूनच हें सांगणें मला अधिक अगत्याचें वाटतें.

परिषदांना हें कोण सांगणार? यापूर्वीं एकदां महाराष्ट्रानें सांगितलें आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हें दांपत्य १९७० सालीं नगर जिल्ह्यांतील जामखेडास आलें. खेड्यांतल्या निरक्षर, बहुधा दलित बायकांना हाताशीं धरून त्यांनीं बाळंतपण, आहार व पाणी यांची व्यवस्था त्यांच्याकडेच सोंपविली. १९७५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या ग्रंथांत ती हकीकत छापली गेली, आणि १९७८ च्या सप्टेंबरांत अल्मा-आता येथें प्राथमिक आरोग्यसेवेची जी जागतिक परिषद भरली, तिच्या पूर्वतयारींत ज्या थोड्या प्रयोगांकडे पाहिलें गेलें त्यांत जामखेड होतें. आमच्या जिल्ह्यांतही चिपळूण तालुक्यांत डेरवणच्या वालावलकर रुग्णालयानें कोंकणांतील किशोरवयीन मुलींच्या पोषणाचा दीर्घ अभ्यास हातीं घेतला आहे. उद्यांच्या माता आज काय खातात हें त्या लग्नापूर्वींच पाहिलें पाहिजे, हें त्यामागील तत्त्व.

आमच्या आळींतली एक मुलगी परिचर्येचा अभ्यासक्रम शिकते. चरकाचे चार पाय समजावून घ्यावयास ती माझ्याकडे आली होती, तेव्हां परिषदेला निबंध पाठवावयाचा तर विषय कोणता, असें तिनें विचारलें. मीं तिला तीन रकान्यांचा कागद आंखून दिला: घरांत तांदूळ कोणता शिजतो, भाताचें पाणी कोण पितें कीं तें फेंकलें जातें, आणि सर्वांत शेवटीं कोण जेवतें, तेव्हां काय उरलेलें असतें. पंधरा दिवसांत ती वाडींतलीं बावीस घरें फिरून आली. पहिले दोन रकाने भरले होते. तिसऱ्या रकान्यांत पुष्कळ ठिकाणीं नुसती रेघ होती. बायका हंसल्या आणि आंत गेल्या, असें ती म्हणाली. भातकापणी उरकली कीं ती पुन्हा जाणार आहे, आणि या खेपेस दुपारीं दोन वाजतां, पुरुषमंडळी जेवून उठल्यावर.