मुदत संपलेली गाणी

डिचोलीजवळच्या एका चित्रशाळेत, चतुर्थीला तीन आठवडे उरलेले असताना, मी लागोपाठ चार दुपारी बसून होतो. मूर्ती पाहाव्यात हा माझा मुख्य हेतू नव्हता, आणि मूर्तिकाराने ते पहिल्याच दिवशी ओळखले. कारण माझी नजर मखराच्या मापाने ओळीने मांडलेल्या गणपतींकडे कमी आणि मातीचे हात लागून लागून ज्याचा मूळचा काळा रंग करडा झाला होता, त्या फळीवरच्या रेडिओकडे अधिक जात होती. रेडिओ सकाळी सुरू होई तो रात्री दिवे मालवेपर्यंत चाले. माझ्या वहीत तीनच रकाने होते: गाण्याचा मुखडा, लागल्याची वेळ, आणि आठवेल त्याप्रमाणे गाण्याचे साल.

दुसऱ्या दिवशी मी कशाची नोंद करतो आहे हे कळल्यावर तो गृहस्थ हसला आणि हातातला कुंचला न थांबवता म्हणाला, “हें गीत परत येता म्हणसर एका गणपतीचें आंग रंगोवन जाता.” ते गीत त्या महिन्यातल्या एका नव्या हिंदी चित्रपटातले होते. मी वही चाळून पाहिली, तर त्याचे म्हणणे अक्षरशः खरे निघाले: नवे गाणे दोन-तीन तासांनी हजर. त्याच्या मानाने वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे गाणे एकदा लागून गेले की त्या दिवसापुरते ते संपले, आणि त्याची गाठ पुन्हा पडली तर परवा-तेरवा. मात्र तासाभरात वाजलेली सगळी गाणी एकत्र मोजली, तेव्हा निराळाच हिशेब पुढे आला. नवी गाणी मोजकी, पण वारंवार येणारी. जुनी गाणी पुष्कळ, पण एकेकटी येऊन जाणारी. आणि एकंदर वेळ पाहू गेले तर जुन्यांचे पारडे जड. ज्याच्या त्याच्या तोंडी नव्या गाण्यांचे नाव असते खरे, पण वाहिनीचा प्रपंच जुन्यांच्या जिवावर चाललेला असतो.

हा योगायोग नव्हे. खासगी वाहिनीच्या कचेरीत गाणी निवडण्याचे काम निवेदकाकडे नसतेच. ते संगीत-व्यवस्थापकाकडे असते, आणि त्याच्या हाताखाली एक संगणकीय आज्ञावली असते. अमेरिकेत १९७९ च्या सुमारास निघालेली ‘सिलेक्टर’ ही त्या जातीची आद्य आज्ञावली होय. तासाचे एक घड्याळ आखलेले असते, त्यात कोणत्या मिनिटाला कोणत्या वर्गातले गाणे यावे हे ठरलेले असते, आणि वर्ग साधारणपणे तीन: चालू महिन्यातली ती ‘करंट’, नुकतीच चालूपणातून उतरलेली ती ‘रिकरंट’, आणि वर्षानुवर्षांची ती ‘गोल्ड’. एका गायकाची दोन गाणी जवळ येऊ नयेत, दोन संथ गाणी लागोपाठ लागू नयेत, काल ज्या तासाला जे लागले ते आज त्याच तासाला लागू नये, असले दंडक यंत्राला घालून दिलेले असतात, आणि यंत्र ते एखाद्या जुन्या शिरस्तेदाराच्या काटेकोरपणाने पाळते. करंटच्या वर्गात गाणी थोडी म्हणून फेरा लवकर पुरा होतो. गोल्डच्या वर्गात ती शेकड्यांनी म्हणून पाळी उशिरा येते. आमच्या मूर्तिकाराने एका गणपतीच्या अंगावर जे मोजले, ते हेच.

आता याच व्यवसायाचे दुसरे दप्तर पाहावे, म्हणजे लोकप्रियतेचा तक्ता. प्रौढ, घरकामात किंवा कचेरीत असलेल्या, कर्कशपणाला विटलेल्या श्रोत्यांसाठी अमेरिकेत जो ‘ॲडल्ट कंटेम्पररी’ नावाचा वाहिनीप्रकार रूढ झाला, त्याचा तक्ता ‘बिलबोर्ड’ हे नियतकालिक १७ जुलै १९६१ पासून, प्रथम ‘ईझी लिसनिंग’ या नावाने, छापत आले आहे. कोणते गाणे वाहिन्यांवर किती वेळा वाजले, यावर त्यातला क्रम लागतो. वाहिन्यांचा बहुतांश वेळ जुनी गाणी घेतात, तेव्हा या तक्त्यात जुन्या गाण्यांची गर्दी असावी असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तेथे त्यांना मज्जाव आहे. गाणे ठरावीक आठवडे तक्त्यात राहिले आणि मग ठरावीक क्रमांकाच्या खाली घसरले, की ते रिकरंट ठरवून खारीज केले जाते. ‘बिलबोर्ड’च्या सर्वांत प्रसिद्ध ‘हॉट १००’ या तक्त्यात बरीच वर्षे ही मुदत वीस आठवड्यांची आणि क्रमांकाची मर्यादा पन्नासाची होती. म्हणजे दररोज लाखो कानांवर पडणारे गाणे सरकारदरबारी मयत, आणि त्याच्या जागी ज्याला अजून कोणी नीटसे ओळखतही नाही, ते हयातीचा दाखला घेऊन मिरवणार. गावात कुळे राबत असावीत आणि खतावणीत मात्र फक्त नव्याने वस्तीस आलेल्यांचीच नावे असावीत, असा हा प्रकार आहे.

या व्यवस्थेतली गंमत २००३ साली चव्हाट्यावर आली. डोबी ग्रे या गायकाचे ‘ड्रिफ्ट अवे’ हे १९७३ चे गाणे अंकल क्रॅकर नावाच्या तरुण गायकाने नव्याने ध्वनिमुद्रित केले, त्यात खुद्द म्हाताऱ्या ग्रे यांचाही आवाज घेतला, आणि ते प्रौढांच्या या तक्त्यावर अठ्ठावीस आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. त्या वेळचा तो उच्चांक होता. तीस वर्षांपूर्वीचे शब्द, तीच चाल, गळाही अंशतः तोच; पण अर्जावर तारीख नवी असल्यामुळे प्रवेश मिळाला. आपल्याकडच्या खासगी वाहिन्यांवर जुन्या हिंदी गाण्यांना नवा ठेका लावून जी ‘रिक्रिएटेड’ गाणी करंटच्या वर्गात शिरतात, त्यांची युक्तीही याहून वेगळी नाही. विलायतेत आता प्रकरण आणखी पुढे गेले आहे. तेथील अधिकृत तक्त्यात जुन्या, उतरणीला लागलेल्या गाण्यांचे ऐकणे नव्यांच्या मानाने कमी भावाने धरतात. केट बुश यांचे १९८५ चे ‘रनिंग अप दॅट हिल’ एका दूरचित्रवाणी मालिकेमुळे २०२२ मध्ये पुन्हा गाजू लागले, तेव्हा त्या नियमातून खास सूट द्यावी लागली आणि सदतीस वर्षांनी ते पहिले आले.

परंतु गोल्डच्या वर्गात बसलेल्या गाण्यांना मिरासदार समजून त्यांचा हेवा करावा, अशीही स्थिती नाही. त्या वर्गात शिरण्याची परीक्षा मोठी कठोर असते. परदेशात वाहिन्या श्रोत्यांना एका सभागृहात बसवून शेकडो गाण्यांचे सात-आठ सेकंदांचे तुकडे ऐकवतात आणि गुण मागतात. आवडते की नाही एवढेच नव्हे, तर ऐकून कंटाळा आला आहे काय, हेही विचारतात, आणि त्या कंटाळ्याला धंद्याच्या भाषेत ‘बर्न’ म्हणतात. या चाळणीतून जे उरते ते सर्वोत्तम असते असे नाही. ज्याने कोणीही रेडिओ बंद करणार नाही, ते उरते. माझा आक्षेप आहे तो येथे. हजारो गाण्यांमधून काही शेकडे सुखरूप, सर्वमान्य, कोणाच्याही अंगावर न येणारी गाणी वेचून काढायची आणि त्यालाच ‘जुने ते सोने’ म्हणायचे, हा सोन्याचा नव्हे, मुलाम्याचा व्यापार झाला. खर्चाची सबब येथे चालत नाही. कॉपीराइट मंडळाने २०१० साली खासगी वाहिन्यांनी संगीत कंपन्यांना जाहिरातींच्या निव्वळ उत्पन्नाच्या दोन टक्के द्यावेत असे ठरवले, तेव्हा गाणे कोणते वाजले याचा त्या रकमेशी संबंधच ठेवला नव्हता. आणि निवड किती अरुंद आहे ते पाहा: माझ्या वहीत चार दिवसांत जुन्या गाण्यांचे जे मुखडे जमले, त्यांतले एकही असे नव्हते की जे मूर्तिकाराच्या नातवाला तोंडपाठ नाही.

आपल्याकडे मुदतीचा नियम नव्हता असे नाही. ३ डिसेंबर १९५२ रोजी रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या आणि अमीन सायानी यांच्या आवाजामुळे घराघरांत पोचलेल्या ‘बिनाका गीतमाले’तही गाणे ठरावीक वेळा ‘पायदाना’वर येऊन गेले की बाहेर काढले जाई. पण काढताना त्याला ‘सरताज गीत’ ही पदवी देत, बिगुल वाजवीत आणि सन्मानाने निरोप देत. खारीज करणे आणि सेवानिवृत्त करणे यांतला भेद ज्याला कळतो, त्याला हे निराळे समजावून सांगायला नको. शिवाय त्याच सिलोनवर रोज सकाळी जुन्या चित्रपटांच्या गाण्यांचा कार्यक्रम होई आणि त्याचा शेवट न चुकता सैगलच्या गाण्याने होई. त्या एका गाण्यावर पेडण्यापासून काणकोणपर्यंत कित्येकांची शाळेला निघण्याची वेळ ठरलेली होती.

चित्रशाळेतून उठून पाचव्या दिवशी मी पेडण्याला गेलो. म्हापशाहून सुटलेली बस कोलवाळचा पूल ओलांडून धारगळ मागे टाकते तोवर चालकाची एफएम वाहिनी ठणठणीत वाजत होती. मालप्याच्या उतारावर तिच्यात खरखर शिरली, आणि बाजाराशी उतरलो तेव्हा समोरच्या शिंप्याच्या दुकानात पणजी आकाशवाणी लागलेली होती. पेडणे, डिचोली, सत्तरी हे मुलूख पोर्तुगिजांच्या ताब्यात आले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, नव्या काबिजादी म्हणून. त्यामुळे येथले मराठी वाचन, भजन, दशावतार आणि नाट्यगीत यांची वहिवाट कधी मोडली नाही. शिंप्याचे वय सत्तरीच्या पुढचे. १९४६ साली सुरू झालेल्या ‘एमिसोरा द गोवा’चे नाव त्याने वडिलांकडून ऐकलेले, मुक्तीनंतर ती आकाशवाणीत विलीन झाली. हवा चांगली असेल तेव्हा तो रत्नागिरीचे केंद्रही लावतो, म्हणाला.

त्याच्या दुकानात जुने या शब्दाचा अर्थच वेगळा होता. दीनानाथांचे नाट्यगीत लागले, त्याला तो जुने म्हणेना. “तें आमचें,” एवढेच म्हणाला. क्रिस पेरींच्या चालीवरचे लॉर्ना यांचे कोकणी गाणे लागले, तेव्हा त्याने मशीन थांबवले नाही, फक्त पायाची लय बदलली. लॉर्ना यांनी मध्यंतरी दीर्घकाळ गाणे सोडले होते, त्या १९९५ मध्ये पुन्हा रंगमंचावर आल्या. त्या सगळ्या अवधीत त्यांची ध्वनिमुद्रणे मात्र रेडिओवर वाजत राहिली, आणि म्हणून परतल्यावर त्यांना नव्याने ओळख करून द्यावी लागली नाही. कोणत्या तक्त्याने त्यांची मुदत वाढवून दिली होती? आल्तिन्होच्या टेकडीवरच्या केंद्रातील संग्रहात तबकड्या होत्या आणि कोणीतरी पत्र लिहून त्या मागत होते, एवढेच.

पत्राची गोष्ट मला त्या शिंप्यानेच सांगितली. फर्माइशीच्या कार्यक्रमाला तो तरुणपणी पोस्टकार्डे घालीत असे, आणि एकाच गाण्यासाठी गावातल्या पाच-सहा जणांच्या सह्या घेत असे, म्हणजे केंद्राला दखल घ्यावी लागेल अशी त्याची समजूत. सभागृहातल्या परीक्षेत सात सेकंदांचा तुकडा ऐकून माणूस गुण देतो. येथे माणूस आधी गाणे आठवतो, मग कार्ड विकत घेतो, मग सह्या गोळा करतो, आणि मग दोन-तीन आठवडे वाट पाहतो. दोन्ही पद्धतींनी जुने गाणे हवेत येते. पण पहिलीत ते वारंवार ऐकलेले असल्यामुळे येते, आणि दुसरीत बऱ्याच दिवसांत न ऐकल्यामुळे.

खासगी वाहिन्या गोव्याला नव्या नाहीत; सरकारने १९९३ च्या सुमारास एफएमची वेळ खासगी कंपन्यांना भाड्याने दिली, तेव्हा मुंबई-दिल्लीच्या पंगतीला पणजीही होती. तेव्हा धंदा त्यांनी शिकलेला आहे, आणि घड्याळ मोडा असे त्यांना सांगण्यात अर्थ नाही. मागणे एवढेच आहे की तासाच्या त्या घड्याळात एक जागा, फक्त एक, परीक्षेत न बसलेल्या गाण्यासाठी मोकळी ठेवावी, आणि ते गाणे कोणते हे श्रोत्याने सांगावे. तोवर ज्यांना एखादे गाणे वर्षानुवर्षे ऐकायला मिळालेले नाही, त्यांनी आकाशवाणीला पत्र घालावे; पेडण्याच्या त्या दुकानात शिलाईच्या पावत्यांखाली कोऱ्या पोस्टकार्डांचा गठ्ठा मी स्वतः पाहिला आहे, आणि त्यातले वरचे कार्ड अर्धे लिहून झालेले होते.