मिरज जंक्शनवरची पहाट आणि शरीरातलं घड्याळ

मुंबईहून रात्री सुटलेली महालक्ष्मी एक्स्प्रेस साताऱ्यात ऐन अंधारात आणि सांगली-मिरजेत पहाटे पोहोचते. कोल्हापूरकर निवांत झोपून राहतात. मात्र बेळगाव, पंढरपूर किंवा तिरुपतीच्या दिशेने निघालेल्यांना मिरजेत उतरावं लागतं. कोल्हापूरहून तिरुपतीला जाणारी हरिप्रिया मिरजेत येते ती दुपारच्या सुमारास. मधले पाच-सहा तास फलाटावरचे.

मिरजेला हे नवं नाही. एकेकाळी इथे ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज असे तिन्ही रुंदीचे रूळ येऊन मिळत आणि बोचकी घेऊन गाडी बदलल्याशिवाय कुणाचं पान हलत नसे. आता रूळ एकाच रुंदीचे झाले, तरी ताटकळणं काही संपलेलं नाही. शिवाय मिरज हे दवाखान्यांचं गाव. आसपासच्या जिल्ह्यांतून आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातून रुग्ण रात्रीच्या गाडीने येतात, पहाटे उतरतात आणि ओपीडी उघडण्याची वाट पाहत बसतात. त्यात म्हातारी माणसं असतात, मधुमेही असतात, बाळंतपणाला आलेल्या मुली असतात. त्यांच्यासाठी ही पहाट नुसत्या कंटाळ्याची नसते.

पहाटे तीन ते पाच या वेळात शरीराची गत भरती-ओहोटीतल्या ओहोटीसारखी असते. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, काही हजार पेशींचा एक पुंजका आहे. शरीराचं मुख्य घड्याळ ते. त्याच्या तालावर रात्री मेलाटोनिन वाढतं आणि शरीराचं आतलं तापमान हळूहळू उतरतं. रोजच्या उठण्याच्या वेळेआधी साधारण दोन तास ते सर्वांत खाली असतं. सावधपणा, लक्ष, हिशेब, पायांचा तोल यांचाही नीचांक त्याच सुमारास असतो. हे घड्याळ पेशीपेशीत कसं चालतं याचा उलगडा करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघांना 2017 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. गाडीतून उतरताना पायरी चुकते, पिशवी बर्थखाली राहते, इंजिनाच्या दिशेने जायचं तर माणूस उलटीकडे चालू लागतो, त्यामागे वेंधळेपणापेक्षा हे घड्याळच अधिक असतं.

त्यात जागरणाची भर. सलग सतरा-अठरा तास जागं राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते, असं प्रयोगांत दिसलं आहे. आपल्याकडे वाहन चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा 0.03 टक्के आहे. गाडीत नीट झोप न लागलेला प्रवासी म्हणूनच पहाटे रूळ ओलांडून पलीकडच्या फलाटावर जाण्याचा जो ‘शॉर्टकट’ घेतो, तो एरवीपेक्षाही धोक्याचा. जिन्याचा पूल दमवतो, पण त्याला पर्याय नाही. सामान जास्त असेल तर हमालाचे पैसे वाचवू नयेत.

मग झोपावं का? जरूर झोपावं, किती, याला मात्र महत्त्व आहे. अमेरिकी अंतराळसंस्था नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांना उड्डाणात आळीपाळीने 40 मिनिटं विश्रांती देऊन पाहिली. त्यांना सरासरी 26 मिनिटं झोप लागली आणि तेवढ्यानेही पुढच्या तासांतला त्यांचा सावधपणा लक्षणीय सुधारला. वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी हलकी असते, तिच्यातून माणूस चटकन बाहेर येतो. तास-पाऊण तासाने मात्र झोप गाढ टप्प्यात असते. तिथून दचकून उठवलं तर डोकं जड होतं, काही सुचत नाही, आणि ही गुंगी अर्धा-अर्धा तास, कधी त्याहूनही जास्त टिकते. गाडी दहा मिनिटांत येणार असताना असं उठणं म्हणजे चुकीच्या डब्यात चढण्याची तयारीच. म्हणून हाताशी थोडा वेळ असेल तर डुलकी, आणि चार-पाच तास असतील तर एक पूर्ण आवर्तन, म्हणजे साधारण दीड तास, हा सोपा हिशेब. उठण्याची वेळ गाडीच्या निदान पाऊण तास आधीची ठेवावी. मोबाइलचा गजर उशाशी न ठेवता खिशात, थरथर चालू करून ठेवावा. शेजारच्या बाकावरच्या कुटुंबालाही सांगून ठेवावं. आपल्याकडे फलाटावरची अनोळखी माणसं हे काम आनंदाने करतात. उतरायचं स्टेशन झोपेत निघून जाईल अशी भीती असेल, तर रेल्वेच्या 139 क्रमांकावर रात्रीच्या गाड्यांसाठी जागं करण्याची सोय आहे. पक्क्या तिकिटावर स्टेशनचं विश्रामगृहही मिळू शकतं. आजारी किंवा वयस्क माणूस सोबत असेल तर ते आधीच आरक्षित करावं.

थंडीत झोप लागत नाही ही तक्रार खरी आहे. माघातल्या पहाटे कृष्णाकाठचा गारवा अंगात शिरतो आणि दगडी किंवा लोखंडी बाक अंगातली ऊब शोषून घेतो. हवा वाईट उष्णतावाहक आहे. म्हणून दोन स्वेटरांपेक्षा बाकावर आधी पसरलेली वर्तमानपत्रांची जाड घडी आणि त्यावर चादर जास्त उपयोगी पडते. अंगावर काय घ्यावं याइतकंच अंगाखाली काय आहे हे पाहावं. कानटोपीबद्दल मात्र एक गैरसमज आहे. शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते, असं सांगतात. प्रत्यक्षात डोक्यावाटे जाणारी उष्णता त्याच्या आकाराच्या प्रमाणात, साधारण दहा टक्क्यांच्या घरात असते. टोपी घालावीच, पण पायमोजे विसरू नयेत. पाय उबदार असले की तळव्यांतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतलं तापमान उतरायला मदत होते आणि डोळा लवकर लागतो, असं प्रयोगांतून दिसलं आहे. आजीच्या ‘पाय झाकून झोप’मध्ये एवढं विज्ञान होतं.

चहाचंही असंच. दिवसभर जागरण होतं तसं मेंदूत अॅडिनोसिन नावाचं रसायन साचत जातं आणि झोप येते. चहा-कॉफीतलं कॅफीन त्याच्या जागा अडवतं. पण हे व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि निम्मं कॅफीन पाचेक तास शरीरात टिकतं. उतरल्या उतरल्या दोन कप चहा घेऊन मग झोप येत नाही म्हणून कुढणारे प्रवासी प्रत्येक फलाटावर दिसतात. दीड तास झोपायचं असेल तर चहा उठल्यावर घ्यावा. नुसती डुलकी काढायची असेल तर उलट करता येतं. चहा पिऊन लगेच आडवं व्हावं, जाग येईतो त्याचा असर सुरू होतो.

खाण्याच्या बाबतीत पहाटे पोट सुस्त असतं, म्हणून थोडं आणि गरम खावं. रात्रीपासून टोपलीत राहिलेल्या वड्यापेक्षा समोर तळलेला बरा. सांगलीचं भडंग प्रवासात टिकतं त्याचं कारण साधं आहे. त्यात पाण्याचा अंश इतका कमी असतो की जंतूंना वाढायला वाव मिळत नाही.

मधुमेहींनी इथे जरा थांबून वाचावं. रात्री आठला घरी जेवण, पहाटे मिरज, ओपीडीत नंबर लागेतो दहा. असा चौदा तासांचा उपास सहज घडतो. त्यात सवयीने सकाळची गोळी किंवा इन्सुलिन घेतलं आणि खायला काहीच मिळालं नाही, तर रक्तातली साखर धोकादायक पातळीवर उतरते. घाम, थरथर, धडधड, चिडचिड, असंबद्ध बोलणं ही तिची लक्षणं. फलाटावर ‘झोप झाली नाही म्हणून असेल’ असं म्हणून ती सहज दुर्लक्षिली जातात. साखर 70 च्या खाली असेल, किंवा मोजायची सोय नसेल आणि शंका असेल, तर तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून लगेच द्यावं, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट मदत मागवावी. पिशवीत साताऱ्याचे कंदी पेढे असले तरी या प्रसंगी साधी साखरच बरी. खव्यातल्या स्निग्धांशामुळे पेढ्यातली साखर सावकाश शोषली जाते. उपाशीपोटी तपासणी असेल तर पाणी प्यायला सहसा हरकत नसते. गोळी केव्हा घ्यायची हे मात्र निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्यावं. आणि रात्रभर प्रवास करून आलो आहोत, हे तपासणाऱ्याला आवर्जून सांगावं. एका रात्रीच्या अपुऱ्या झोपेनेही इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, रक्तदाबही चढा लागू शकतो. तेवढ्यावरून औषध वाढवलं जाऊ नये.

बसून राहण्याचाही त्रास आहे. पोटरीचे स्नायू आवळले की पायातलं रक्त हृदयाकडे ढकललं जातं. ते तासन् तास ढिले राहिले तर खोल शिरांत गुठळी होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासानुसार चार तासांहून लांब प्रवासाने हा धोका साधारण दुप्पट होतो, मग तो विमानाचा असो, बसचा की रेल्वेचा. निरोगी माणसात तो तरीही फार कमी, सहा हजारांत एक असा आहे. नुकती शस्त्रक्रिया झालेली, गरोदर किंवा बाळंतीण, कर्करोगाचा रुग्ण यांना मात्र जास्त. मिरजेहून उपचार घेऊन परतणाऱ्यांत नेमके हेच लोक असतात. तासाला एकदा फलाटावर फेरी मारावी. शौचालयाला जावं लागेल म्हणून पाणी न पिण्याची सवय, विशेषतः स्त्रियांमध्ये, घातक आहे. एकाच पायाला सूज आणि दुखरेपणा किंवा अचानक धाप, ही लक्षणं दिसली तर गाडी सोडून दवाखाना गाठावा.

छातीत दुखण्याचंही तेच. मिरजेत स्थायिक झालेले किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ 27 ऑक्टोबर 1937 रोजी मद्रासहून पुदुच्चेरीकडे निघाले होते. वाटेत छातीत दुखू लागलं, म्हणून ते सिंगपेरुमल कोईल या छोट्या स्टेशनात उतरले आणि फलाटावरच त्यांनी प्राण सोडला. त्यांचा दफनविधी मिरजेच्या दर्ग्यात झाला. त्या काळी त्या आडस्टेशनात करण्यासारखं फारसं काही नव्हतं. आज आहे, आणि मिरजेत तर स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर आहे. हृदयविकाराचे झटके सकाळच्या तासांत जास्त येतात, हेही लक्षात ठेवावं. छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, यांना ‘गॅस’ म्हणून सोडा पिऊन गाडीत चढू नये. 139 वर किंवा स्टेशन मास्तरांकडे वैद्यकीय मदत मागता येते, रुग्णवाहिकेसाठी 108 आहे.

साताऱ्यात उतरणाऱ्यांचा प्रश्न थोडा वेगळा. तिथलं स्टेशन शहरापासून दूर, माहुलीच्या बाजूला आहे. मग अडीच-तीनला घरी फोन जातो, ‘गाडी घेऊन ये रे.’ नेणारा मुलगा अर्धवट झोपेतून उठतो आणि लगेच मोटरसायकलला किक मारतो. वर सांगितलेली गुंगी त्यालाही असते, मागे बसणारा प्रवासी पेंगत असतो आणि पुढे जायचं असेल तर महामार्गावर मालट्रक धावत असतात. घाई नसेल तर उजाडेपर्यंत प्रतीक्षालयात थांबावं आणि पोराला झोपू द्यावं. सहाच्या सुमारास रिक्षाही मिळतात, एसटीही.