दुबईचा चातुर्मास

मुंबईहून विमानाने निघालं की साधारण तीन तासांत दुबई. मुंबईहून गाडीने रत्नागिरी जिल्ह्यातल्या मालगुंडला यायचं तर आठ तास धरून चालायचं, गणपतीच्या दिवसांत त्याहूनही जास्त. म्हणजे मुंबईत राहणाऱ्या मालगुंडकराला वेळेच्या हिशेबात दुबई गावापेक्षा जवळ! घड्याळातला फरकही जेमतेम दीड तासाचा. इथे रात्रीचे साडेनऊ झाले की तिकडे आठ, जेवणाआधीची वेळ, म्हणून घरोघरचे फोन त्याच सुमाराला वाजतात. जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतला एक माणूस गेली चार-पाच दशकं आखातात आणि बाकीचे बागेत, अशी विभागणी आहे.

पण कवी केशवसुतांच्या या जन्मगावातून उठून कोणी थेट वाळवंटात राहायला गेला, तर त्याला सगळ्यात आधी काय ओळखीचं वाटेल? माझं उत्तर: कॅलेंडर. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, दुबईत शंभराच्या आत. तरी दोन्हीकडची माणसं घरात बसतात ती त्याच चार महिन्यांत. जून ते सप्टेंबर आपल्याला पाऊस बाहेर पडू देत नाही, त्यांना ऊन. आपण मे महिन्यात आगोटीची बेगमी करतो, तिथली कुटुंबं मे संपता संपता सुट्टीची तिकिटं काढतात. दुबईचा आनंद घ्यायचा तर हा उलटा चातुर्मास समजून घेतला पाहिजे. तो कळला की पुढचं सगळं सोपं.

गरम नळ थंड, थंड नळ गरम

उन्हाळ्यात दुबईतल्या बऱ्याच इमारतींत गच्चीवरच्या टाक्या अशा तापतात की थंड पाण्याच्या नळातून वाफाळतं पाणी येतं. त्यावरची युक्ती तिथे नव्याने आलेल्याला शेजारी पहिल्याच आठवड्यात शिकवतात. गिझर बंद ठेवायचा. गिझरची टाकी घरात, एसीच्या गारव्यात असते, त्यामुळे तिच्यातलं पाणी हळूहळू निवतं. मग अंघोळीला गरम पाण्याचा नळ सोडायचा, कारण आता तोच थंड! विजेची बचत ती वेगळीच.

हे पाणी येतं कुठून? जवळजवळ सगळं समुद्रातून, मीठ काढून. जेबेल अलीचा निःक्षारीकरण प्रकल्प जगातल्या सर्वांत मोठ्या प्रकल्पांत मोडतो. नदी नाही, तळं नाही, पाऊस नाही, आणि सुमारे ४० लाखांचं शहर रोज अंघोळ करतं. एवढा पाऊस झेलूनही मे महिन्यात विहिरी तळ गाठतात ते कोकणच्या माणसाने पाहिलेलं असतं. त्यामुळे दुबईतला साधा वाहता नळ मला तिथल्या कुठल्याही उंच मनोऱ्याहून मोठा वाटतो.

दुपार मिटलेली, रात्र उघडी

१५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर उन्हात काम करून घेण्याला अमिरातीत कायद्याने बंदी आहे. शहर बांधणारे हात बहुतांशी आपल्याच उपखंडातले, म्हणून हा नियम आपल्या जिव्हाळ्याचा. बसथांबेसुद्धा एसीचे, काचेच्या खोलीसारखे. आणि हवा कोरडी असेल असं समजू नका. शहर समुद्राकाठी आहे, ऑगस्टच्या रात्री दारातून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर धुकं धरतं.

मग शहराने रात्र ताब्यात घेतली. २०२३ पासून जुमेराह आणि उम्म सुकीमच्या काही किनाऱ्यांवर रात्री पोहायची सोय झाली. मोठे दिवे आणि रात्रपाळीचे जीवरक्षक असल्यामुळे घरची मंडळी मुलांना घेऊन रात्री अकराला पाण्यात उतरतात. सकाळचा फेरफटका? तो मॉलमध्ये. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तर दुकानं उघडायच्या आधीचे सकाळचे तास मॉलमध्ये चालणाऱ्या-धावणाऱ्यांसाठी मोकळे ठेवले होते. बर्फ हवा असेल तर तोही आहे, २००५ पासून. मॉल ऑफ द एमिरेट्समधल्या स्की दुबईत बाहेर चाळीस अंश असताना आत उणे तापमानात पेंग्विन फिरतात.

अगस्त्य आला!

या यादीतली माझी सगळ्यात आवडती गोष्ट आकाशातली आहे. आपल्याकडे अगस्त्याचा तारा पहाटे दिसू लागला की पावसाळ्याचं गढूळ पाणी निवळतं, असं फार पूर्वीपासून मानतात. अरब मंडळी याच ताऱ्याला सुहैल म्हणतात आणि ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, साधारण २४ तारखेच्या सुमारास, पहाटे दक्षिणेकडे त्याची वाट पाहतात. तो दिसला की उन्हाळ्याची पाठ फिरली! लगेच गारवा येत नाही, पण रात्री हळूहळू सुसह्य होऊ लागतात. आकाशातला हा दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा. मालगुंड दुबईच्या दक्षिणेला असल्याने इथून तो क्षितिजावर जास्त वर चढलेला दिसतो.

आणखी गंमत पुढे आहे. आखातातले जुने कोळी आणि शेतकरी सुहैलच्या उदयापासून वर्ष मोजायचे, दहा-दहा दिवसांचे गट पाडून. कधी मासे कुठे मिळतील, कधी पेरायचं, कधी वारं उठेल, सगळं त्या गणितात बसवलेलं. मृग, आर्द्रा, पुनर्वसू मोजत भाताची लावणी करणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला ही पद्धत समजावून सांगावी लागणार नाही.

झाडाचंही तसंच. अमिरातीचं राष्ट्रीय झाड गाफ. मुळं खोल खोल जातात, पाणी नसलं तरी पानं हिरवी राहतात, उंटांना चारा आणि माणसांना सावली. हे गाफ म्हणजेच आपली शमी! पांडवांनी शस्त्रं लपवली ती, दसऱ्याला पुजतो ती, गणपतीला वाहायच्या पत्रीतली. मालगुंडाच्या दमट हवेत ती सहज सापडत नाही, तिकडे रानात आपसूक वाढते. जेबेल अलीचं नवं हिंदू मंदिर भाविकांसाठी खुलं झालं तेही २०२२ च्या दसऱ्यालाच.

रिझर्व्ह बँकेची दुबई

दुबईच्या बाजारात कधीकाळी भारतीय रुपया चालायचा, आणि तो अधिकृतपणे. सोन्याच्या चोरट्या व्यापारापायी रुपये देशाबाहेर जाऊ लागले, तेव्हा १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. त्यांचा क्रमांक झेड अक्षराने सुरू व्हायचा. १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि त्या नोटांचा जमाना संपला. दिरहम आला तो थेट १९७३ साली. म्हणजे आजच्या पिढीचे आजोबा तिथे पोचले असतील तेव्हा दिरहम नुकता कुठे हातात खुळखुळू लागला होता.

किराणाही आपल्या माणसाने पोचवला. दातार कुटुंबाने १९८४ मध्ये दुबईत एक लहानसं दुकान काढलं, त्याचा पुढे ‘अल अदील’ समूह झाला आणि धनंजय दातार ‘मसाला किंग’ म्हणून ओळखले जाऊ लागले. थालीपिठाची भाजणी परदेशात दुकानात मिळणं म्हणजे काय, हे घर सोडून राहिलेल्यालाच कळतं.

पटापट आणखी काही

बुर्ज खलिफा ८२८ मीटर उंच. इतका की रमझानमध्ये सगळ्या मजल्यांवर रोजा एकाच वेळी सुटत नाही. वर सूर्य उशिरा मावळतो, म्हणून ८० व्या मजल्याच्या वरच्यांनी दोन मिनिटं आणि १५० च्या वरच्यांनी तीन मिनिटं थांबावं, असं तिथल्या मुफ्तींनी २०११ मध्ये सांगितलं.

पाम जुमेराह हे बेट वाळूचं, पण वाळवंटाच्या वाळूचं नाही. वाऱ्याने घासून घासून तिचे कण गुळगुळीत होतात, ते एकमेकांना धरत नाहीत. म्हणून वाळवंटाच्या दारात बसून वाळू समुद्राच्या तळातून उपसावी लागली.

पोस्टमन घरी येत नाही. पत्रं पोस्टाच्या पेटीत येतात, आणि घर शोधायला प्रत्येक इमारतीला ‘मकानी’ नावाचा दहा आकडी क्रमांक आहे.

मेट्रो विनाचालक. तिचं उद्घाटन झालं ०९-०९-२००९ ला, रात्री ९ वाजून ९ मिनिटं ९ सेकंदांनी.

उंटांच्या शर्यतीत पाठीवर बसतो रोबो. लहान मुलांना जॉकी म्हणून बसवणं २००५ मध्ये बंद झालं, ते फार चांगलं झालं.

आणि पाऊस आलाच तर? १६ एप्रिल २०२४ ला दुबई विमानतळावर एका दिवसात सुमारे १४२ मिलिमीटर पडला, वर्षभराच्या सरासरीहून जास्त. जुलैतल्या मालगुंडाने इतका पाऊस पचवून संध्याकाळी चहा केला असता. दुबईत रस्त्यांची तळी झाली, विमानं अडकली, कारण तिथली जमीन आणि गटारं त्या बेताने घडलेलीच नाहीत.

कधी जावं?

नोव्हेंबर ते मार्च. तेव्हा शहर खऱ्या अर्थाने उघडतं. ग्लोबल व्हिलेजची जत्रा भरते, रास अल खोरच्या खाडीत रोहित पक्षी चिखलात चोची घालून उभे असतात. अल फहिदीच्या जुन्या गल्ल्यांत प्रवाळाच्या दगडांची घरं आणि त्यांवरचे वाऱ्याचे मनोरे दिवसाही निवांत बघता येतात. हे मनोरे चारही बाजूंनी उघडे. आत तिरके पडदे बांधलेले, त्यामुळे वारा कुठूनही आला तरी तो पकडून खाली खोलीत सोडतात आणि दुसऱ्या बाजूने गरम हवा वर काढून देतात. वीज यायच्या आधीचा हा एसी.

मासे खाणाऱ्याने देऱ्याच्या वॉटरफ्रंट मार्केटमध्ये सकाळी जावं. सुरमई तिथे कनाद नावाने आणि पापलेट झुबैदी नावाने मिळतं. हापूस मात्र या महिन्यांत नाही, त्यासाठी एप्रिल-मेचं ऊन सोसायची तयारी हवी.

संध्याकाळी बुर दुबईच्या धक्क्यावरून अब्रा नावाची होडी पकडावी. एका दिरहममध्ये खाडी ओलांडून देरा. जयगडहून तवसाळला फेरीबोटीने गेलेल्या माणसाला पाण्याचा तो वास ओळखीचा वाटेल. सुट्टा दिरहम आधीच हातात काढून ठेवावा, पैसे बोटीतच घेतात.