घाट उतरल्यावर दिसणारा निळा धूर

एक लिटर पेट्रोल इंजिनात जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. पटकन विश्वास बसत नाही, पण हिशेब सरळ आहे. पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जातो आणि त्याचं पाणी होतं. एरवी ते वाफेच्या रूपात सायलेन्सरमधून निघून जातं, कुणाला दिसत नाही. कार्तिकात खोपोलीजवळच्या साजगावला बोंबल्या विठोबाची यात्रा भरते, त्या दिवसांतल्या एखाद्या गार पहाटे गाडी सुरू करून पाहा. सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा लोट उठेल, खाली चार थेंबही ठिबकतील. हा लोट हातभर अंतरावर विरतो आणि इंजिन तापलं की नाहीसा होतो. त्याची काळजी नको.

काळजीचे धूर ओळखायचे तर साजगावच्या माणसाला लांब जावं लागत नाही. खोपोली ओलांडली की बोरघाट लागतो. खोपोली समुद्रसपाटीपासून शंभर मीटरही उंच नाही आणि लोणावळा सहाशेच्या वर. एवढ्या चढणीत इंजिनाचं काही लपून राहत नाही.

चढताना दिसतो तो काळा धूर. एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. एअर फिल्टर धुळीनं तुंबला किंवा नोझल जास्त इंधन सोडू लागलं, की हवा अपुरी पडते आणि अर्धवट जळलेल्या इंधनाची काजळी बाहेर येते. काजळी प्रकाश गिळून टाकते, म्हणून धूर काळा. भरलेला जुना डिझेल ट्रक चढाला ओकतो तो हाच. फिल्टर बदलून भागलं, तर हा सगळ्यांत स्वस्त आजार.

निळ्या धुराची गोष्ट मात्र विलक्षण आहे. घाट उतरताना आपण ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो. पेट्रोल गाडीत त्या वेळी हवेची वाट जवळजवळ बंद होते, पण चाकं इंजिनाला फिरवत राहतात आणि पिस्टन हवा ओढतच राहतात. आत मोठी पोकळी तयार होते. व्हॉल्व्हचे रबरी सील कडक झाले असतील, तर ही पोकळी वरचं ऑइल थेंबाथेंबानं सिलिंडरमध्ये खेचते. खाली आल्यावर पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला की ते जळतं आणि मागे निळा भपका निघतो. उतारानंतरच असा भपका येत असेल तर संशय सीलवर घ्यावा. चढताना, जोर पडल्यावर सतत निळं दिसत असेल तर पिस्टनच्या रिंगांवर. गॅरेजवाला दोन्ही वेळा 'गाडी ऑइल खातेय' म्हणेल, पण रिंगांसाठी इंजिन खोलावं लागतं, सीलचं काम त्यामानानं लहान. (जुनी टू-स्ट्रोक चेतक स्कूटर निळा धूर सोडायची तो दोष नव्हे, तिच्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं असे.)

पण ऑइल तर पिवळसर, मग धूर निळा का? कारण त्या धुरातले ऑइलचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही लहान असतात. इतके बारीक कण तांबड्यापेक्षा निळा प्रकाश कितीतरी जास्त विखुरतात. आकाश निळं का, याचं जे उत्तर लॉर्ड रॅले यांनी 1871 मध्ये गणितानं मांडलं, तेच इथे लागू पडतं. पडताळायचं असेल तर हा धूर घाटातल्या काळ्या कातळासमोर पाहा, निळा दिसेल. उजळ आकाशासमोर मात्र तोच धूर पिवळसर, तपकिरी वाटतो, कारण त्यातून आरपार येणाऱ्या प्रकाशातला निळा भाग वाटेतच विखुरलेला असतो. पाण्याच्या वाफेतले थेंब त्याहून मोठे, ते सगळे रंग सारखेच विखुरतात. म्हणून ती पांढरी.

इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, लवकर विरला नाही आणि त्याला गोडसर वास असला, तर कुलंट जळतंय. घाटातल्या कोंडीत गाडी फार तापली तर हेड गॅस्केट उडू शकतं आणि कुलंट सिलिंडरमध्ये शिरतं. अशी गाडी पुढे दामटू नये. गरम रेडिएटरचं झाकणही उघडू नये.

1 एप्रिल 2020 पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-6 गाड्यांपैकी बहुतेक डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते, त्यामुळे बिघाड होऊनही धूर दिसेलच असं नाही. अशा गाडीत डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा आणि ऑइलची पातळी यांवर लक्ष ठेवा. आणि धुरातला सर्वांत घातक वायू, कार्बन मोनॉक्साइड, त्याला तर रंगही नाही, वासही नाही. धूर तपासायला इंजिन सुरू ठेवाल ते उघड्यावर. बंद शेडमध्ये कधीही नको.