धुराड्यापाशी थांबणारा हिशेब

बंगळूरच्या आग्नेयेस जाणाऱ्या सर्जापूर रोडवर विप्रोचे मुख्यालय आहे आणि त्याच्या दुतर्फा कार्यालये व निवासी संकुले दाटीने उभी आहेत. येथे विजेच्या देयकासोबत आता तिच्या कार्बन उत्सर्जनाचीही नोंद ठेवली जाते. वापरलेल्या युनिटांना केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने प्रसिद्ध केलेल्या सरासरी गुणांकाने गुणले की आकडा तयार होतो. हा गुणांक वीजकेंद्रात जळालेल्या इंधनाचा असतो. इंधन केंद्रापर्यंत पोहोचताना जे हवेत जाते, ते त्यात येत नाही.

नैसर्गिक वायूच्या बाबतीत ही उणीव ठळकपणे जाणवते. बंगळूरच्या येलहंका येथील ३७० मेगावॅटचे वायूकेंद्र २०२४ मध्ये कार्यान्वित झाले. त्याचा वायू दाभोळ–बंगळूर वाहिनीतून येतो. रत्नागिरी जिल्ह्यातून निघून कोल्हापूर, बेळगाव, धारवाड असा सुमारे हजार किलोमीटरचा हा मार्ग २०१३ मध्ये सुरू झाला. दाभोळला जहाजाने उतरलेला द्रवरूप वायू आणि दहेज–उरण–पनवेल वाहिनीतून आलेला वायू त्यात एकत्र होतात. भारताच्या द्रवरूप वायूच्या आयातीत कतारचा वाटा मोठा आहे. म्हणजे विहीर, उणे १६२ अंशांपर्यंत थंड करणारा कारखाना, जहाज, पुन्हा वायूरूप देणारे स्थानक, दाबयंत्रे आणि झडपा एवढ्या टप्प्यांनंतर तो पेटतो. यातील प्रत्येक ठिकाणी थोडा मिथेन निसटू शकतो.

‘थोडा’ म्हणजे किती, हे साध्या गणिताने पाहता येते. केंद्राची कार्यक्षमता ५० टक्के धरल्यास एका युनिटमागे सुमारे १४४ ग्रॅम मिथेन जळतो आणि ३९६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. वाटेत एक टक्का वायू गळाला, तर तो जेमतेम दीड ग्रॅम भरतो. परंतु आयपीसीच्या सहाव्या अहवालानुसार जीवाश्म मिथेनची तापनक्षमता शंभर वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडच्या २९.८ पट, तर वीस वर्षांच्या मापाने ८२.५ पट असते. त्यामुळे त्या दीड ग्रॅमची किंमत पहिल्या मापाने सुमारे ४३ ग्रॅम आणि दुसऱ्या मापाने ११९ ग्रॅम होते. कोळशाची वीज युनिटमागे एक किलोच्या आसपास उत्सर्जन करते. वीस वर्षांचे माप घेतले, तर गळती पाच टक्क्यांच्या घरात गेल्यावर वायूची आघाडी संपते. अर्थात कोळशाच्या खाणीतून सुटणारा मिथेन आणि वायू द्रवरूप करण्यास लागणारी ऊर्जा, दोन्ही या गणितात धरलेली नाहीत.

देशाच्या एकूण विजेत वायूचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास असल्याने राष्ट्रीय सरासरीवर याचा परिणाम अल्प होतो, हे खरे. मात्र एखाद्या संकुलाचे जनित्र थेट वायूवर चालत असेल, तर सरासरीचा हा आडोसा उरत नाही. शिवाय इंजिनातून न जळताच निसटणारा मिथेन वेगळा.

शेतीच्या दृष्टीने प्रश्न न्यायाचा आहे. भाताच्या खाचरातील आणि गुरांच्या पोटातील मिथेनची नोंद काटेकोरपणे होते. जागतिक मिथेनच्या ताळेबंदात तर वाळवीच्या आतड्यातील सूक्ष्मजीवांनाही स्वतंत्र रकाना आहे! दुधाच्या लिटरमागे गाईचा मिथेन मोजायचा आणि तेच दूध थंड ठेवणाऱ्या विजेमागचा मिथेन सोडून द्यायचा, अशी तुलना पशुपालकाच्या माथी अधिक भार टाकते.

ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉलमध्ये खरेदी केलेल्या विजेच्या इंधनपुरवठ्यातील उत्सर्जनासाठी जागा आहे. ती तिसऱ्या व्याप्तीच्या तिसऱ्या वर्गात. सेबीच्या बीआरएसआर अहवालात मात्र ही तिसरी व्याप्ती ऐच्छिक मानली आहे. युरोपीय संघाच्या २०२४ च्या मिथेन नियमानुसार आयातदारांना पुरवठ्यातील मिथेनची माहिती द्यावी लागते. कतारचा वायू युरोपही घेतो. दाभोळ आणि दहेज येथील खरेदीदारांनी तीच माहिती करारातच मागून घेतली, तर प्राधिकरणाच्या गुणांकाशेजारी पुरवठ्याचा दुसरा आकडा छापणे कठीण नाही.